राजपुत्राची साठ मिनिटे

मल्लिनाथाने भारवीच्या वाणीला नारळाची उपमा दिली, तेव्हापासून अवघड साहित्याची बाजू घेणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एक तयार फळ आले आहे. वर करवंटी, आत रस. फोडण्याचे कष्ट घ्या म्हणजे गोडी कळेल. वर्गात मर्ढेकर शिकवताना समोरचे चेहरे उतरू लागले की आम्हीही हा नारळ वर्षानुवर्षे फोडत आलो आहोत. अलीकडे मात्र तो हातात घेताना अडखळायला होते. याला कारण कुणाचा समीक्षाग्रंथ नाही, एक जुना संगणकीय खेळ आहे. साहित्याच्या चर्चेत त्याला आणताना संकोच वाटतो, पण दुर्बोधतेविषयी जे आम्हांला पुस्तकांतून नीटसे उमगले नव्हते ते त्याच्याकडून उमगले, तेव्हा ऋण मान्य करणे भाग आहे.

खेळाचे नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. फळ्या, कठडे, खड्डे यांवरून उड्या मारत पुढे जायचे, अशा जातीचा हा खेळ. या जातीला 'प्लॅटफॉर्म' खेळ म्हणतात. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८५ पासून सुमारे चार वर्षे खपून तो 'ॲपल टू' या संगणकासाठी बहुतांशी एकट्याने रचला आणि ब्रॉडरबंड या कंपनीने तो १९८९ साली बाजारात आणला. तोवर ॲपल टूचे दिवस भरत आले होते, त्यामुळे आरंभी फारसे कुणी त्याच्याकडे वळले नाही. पुढल्या वर्षी तो डॉसवर आला आणि मग हळूहळू जगभर गेला. कथानक अरबी सुरस कथांच्या बाजारातले. सुलतान युद्धावर गेलेला, वजीर जाफरने सत्ता बळकावलेली. राजकन्येला त्याने एका तासाची मुदत दिली आहे, लग्न नाहीतर मरण. तिचा प्रियकर तळघरात कोंडलेला. त्या तळघरापासून वरच्या मनोऱ्यापर्यंत बारा टप्पे (खेळणारे त्यांना लेव्हल म्हणतात) साठ मिनिटांत पार करायचे. ही साठ मिनिटे कथेतली नव्हेत, आपल्या मनगटावरल्या घड्याळातली. (या 'पौर्वात्य' सजावटीवर एडवर्ड सैदच्या वाचकाने नाक मुरडावे हे योग्यच, राजकन्येला तर सगळ्या खेळात एक उंदीर धाडण्यापलीकडे काम नाही. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

आमच्या वाट्याला तो नव्वदच्या दशकात, तालुक्याच्या गावच्या एका संगणकवर्गात, फ्लॉपीवरून आला. अर्थातच कुणीतरी कुणाकडून तरी उतरवून घेतलेला. त्याच्याबरोबर माहितीपुस्तिका नव्हती, आणि या चोरीची शिक्षा आम्ही पुढे पुष्कळ दिवस भोगली.

पहिल्या टप्प्यात राजपुत्राच्या हाती तलवारही नसते. ती त्याच तळघरात एका कोपऱ्यात पडलेली असते, पण हे कुणी सांगत नाही. वाट दिसली म्हणून आपण निघतो, पहारेकरी सामोरा येतो आणि एकाच वारात खेळ आटोपतो. पुन्हा आरंभ. मग पायाखालची फरशी हलते आणि कोसळते. पुन्हा आरंभ. मग जमिनीतून भाले वर येतात. दोन मजल्यांच्या उंचीवरून पडलो तर एक प्राण जातो, तीन मजल्यांवरून पडलो तर सगळेच. मरणांना मर्यादा नाही. हवे तितक्यांदा मरावे. घड्याळ मात्र मरणासाठी थांबत नाही. टप्पा पहिल्यापासून सुरू होतो, गेलेली मिनिटे परत येत नाहीत. या एका नियमावर या खेळाची सगळी निष्ठुरता उभी आहे, आणि तिच्याकडे पुढे यायचे आहे.

त्याआधी राजपुत्राच्या शरीराविषयी. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका वाहनतळावर धावायला, उडी मारायला, भिंतीला लोंबकळून वर चढायला लावले आणि त्याचे व्हिडिओ-चित्रण केले. त्यातली एकेक चौकट गिरवून राजपुत्राच्या हालचाली तयार झाल्या. तलवारबाजीसाठी त्याने १९३८ च्या रॉबिन हूडवरील चित्रपटातले द्वंद्व असेच चौकटी-चौकटींनी उतरवून घेतले. याला रोटोस्कोपिंग म्हणतात, आणि ते चित्रपटात नवे नव्हते. पण खेळात त्याचा जो परिणाम झाला तो आम्हांला फार मोलाचा वाटतो. १९८५ चा मारिओ आठवावा. तो हवेत असताना दिशा बदलतो, जागच्या जागी वळतो, बोट उचलले की जवळजवळ तिथेच थांबतो. तो बोटांचा आज्ञाधारक आहे. राजपुत्र तसा नाही. धावता धावता थांबायला सांगितले तर त्याला दोन पावले घसरत जावे लागते. वळायला सांगितले तर आधी तोल सावरावा लागतो. उडी घेतली की घेतली. हवेत पश्चात्तापाला जागा नाही. कळ दाबणे म्हणजे त्याला आज्ञा करणे नव्हे, विनंती करणे आहे, आणि ती त्याच्या शरीराला सोयीची असेल तेव्हा मानली जाणार.

म्हणजे या खेळाचे अवघडपण बाहेरून लादलेले नाही. शत्रू वाढवले, बाण वाढवले, असा हा प्रकार नव्हे. खरे तर शत्रू फार थोडे आहेत. ते माणसाच्या वजनातून आलेले आहे. वास्तववादाची किंमत लेखकाने नव्हे तर वाचकाने मोजावी, असा हा विलक्षण व्यवहार आहे. कड्याच्या टोकापर्यंत पाऊल-पाऊल जायचे, एक पाऊल मागे यायचे, मग धाव घ्यायची आणि शेवटच्या फरशीवर उडीची कळ; हे गणित जमले की बोटांना जे समाधान मिळते ते दुसऱ्या कोणत्याही खेळात आम्हांला मिळालेले नाही. मारिओच्या उडीचे कौतुक वाटते. राजपुत्राच्या उडीनंतर आपण श्वास सोडतो.

तर ते पाऊल-पाऊल जाणे. शिफ्टची कळ दाबून धरली की राजपुत्र जपून एकेक पाऊल टाकतो आणि काठावरून पडत नाही, भाल्यांमधून सुखरूप जातो. माहितीपुस्तिका नसल्यामुळे ही गोष्ट आम्हांला कित्येक आठवडे ठाऊकच नव्हती. आम्ही भाल्यांवरून उड्या मारत होतो. एके दिवशी शेजारच्या यंत्रावर बसणाऱ्या एका मुलाने काही न बोलता हात पुढे करून ती कळ दाबली. ऱ्हस्व-दीर्घ न कळता वृत्तबद्ध कविता वाचणाऱ्याला कुणीतरी मात्रा मोजून दाखवावी, तसे झाले. अवघडपण कमी झाले नाही, ते कुठे आहे हे समजले.

आता आमच्या पापाविषयी. तिसऱ्या टप्प्यात एक सांगाडा उठून उभा राहतो. तो मरत नाही, कारण मेलेलाच आहे. त्याला वार करत करत कड्यावरून ढकलावे लागते. तिथे आम्ही अडकलो, चिडलो, आणि मग कुणीतरी मंत्र दिला: खेळ सुरू करताना त्याच्या नावापुढे 'मेगाहिट' हा शब्द टंकायचा. त्यानंतर काही कळा दाबल्या की टप्पे आपोआप ओलांडले जातात, मिनिटे वाढतात, समोरचा शत्रू एका कळीने मरतो. एका दुपारी, पंधरा-वीस मिनिटांत, आम्ही टप्प्यांमागून टप्पे टाकत जाफरसमोर जाऊन उभे राहिलो, त्याला एका कळीने निजवला, आणि राजपुत्र व राजकन्येची गळाभेट पाहिली. उंदीरही होता. पाहून झाल्यावर वर्गातल्या सगळ्यांना वाटले ते एकच: एवढेच?

मल्लिनाथाचा नारळ खरा असता तर असे व्हायला नको होते. करवंटी दुसऱ्याने फोडून दिली काय आणि आपण फोडली काय, आतले पाणी तेच. आम्ही करवंटी बाजूला सारून थेट आत पोहोचलो होतो आणि आत काही नव्हते. बाजारू चित्रपटातही शोभणार नाही असा सुखान्त होता. हे त्या वयात कळले नाही. खेळ भिकार आहे असे ठरवून आम्ही तो सोडला. पुढे बरीच वर्षे आम्ही वर्गात नेमके हेच करत होतो, हे त्याहूनही उशिरा लक्षात आले. कविता वाचण्याआधी तिचा आशय सांगायचा. 'कवीला येथे आधुनिक यंत्रयुगातील माणसाचे एकाकीपण अभिप्रेत आहे', असे फळ्यावर लिहायचे आणि मग कवितेकडे वळायचे. विद्यार्थी ते उतरवून घेत, परीक्षेत लिहीत, गुण मिळवत, आणि त्यांच्या डोळ्यांत तोच प्रश्न असे: एवढेच? गाईडे काढणाऱ्यांना आम्ही नावे ठेवली, पण 'मेगाहिट' आम्हीही टंकत होतो.

२०१५ साली इंटरनेट अर्काइव्हने डॉसचे हजारो जुने खेळ ब्राउझरमध्ये खेळता येतील असे मांडले. त्यांत हा होता. आम्ही पुन्हा बसलो, या खेपेस मंत्राविना.

आणि इथे तक्रारीही मांडल्या पाहिजेत, कारण जुन्या वस्तूंचे भक्त अवघडपणाला सरसकट सद्गुण ठरवतात ते आम्हांला मान्य नाही. या खेळात दोन प्रकारचे अवघडपण आहे, आणि त्यांतले एक लबाड आहे. एका कुपीतले द्रव्य प्यायले की सगळा पडदा उलटा होतो. यात शिकण्यासारखे काही नाही, हा नुसता खोडसाळपणा. कुपी विषाची की औषधाची हे सुरुवातीला प्याल्याशिवाय कळत नाही. रंगांचा संकेत लक्षात येईपर्यंत काही बळी द्यावे लागतात, तेही एक वेळ क्षम्य. पण खरी लबाडी घड्याळाची आहे. डॉसवरल्या खेळात तिसऱ्या टप्प्यापासून पुढे आपली प्रगती साठवून ठेवता येते, आणि तिच्यासोबत उरलेली मिनिटेही साठवली जातात. समजा आपण नवव्या टप्प्याच्या दारात पोहोचलो, आनंदाने प्रगती साठवली, आणि घड्याळात पाच मिनिटे उरलेली आहेत. हा डाव तेव्हाच हरलेला आहे. पण खेळ हे सांगत नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आपण त्याच पाच मिनिटांत डोके आपटत राहतो, आणि पुष्कळ उशिरा ध्यानात येते की चूक नवव्या टप्प्यात नव्हती, चौथ्यात होती. तिथे आपण रेंगाळलो होतो. आम्ही अशा मृत डावावर एक संपूर्ण दिवाळीची सुट्टी घालवली आहे. वाचकाला दहाव्या प्रकरणात कळावे की तिसऱ्या प्रकरणातली एक तळटीप सुटल्यामुळे त्याला पुढचे पुस्तक वाचायची मनाई आहे, असा हा न्याय.

मग घड्याळ नको होते का? यावर आमचे मत दोनदा बदलले. २०१८ मध्ये 'सेलेस्ट' नावाचा एक प्लॅटफॉर्म खेळ आला. तो टप्प्याटप्प्याला राजपुत्राहून कितीतरी कठीण आहे, पण त्यात मेल्यावर क्षणार्धात त्याच खोलीच्या दारात पुन्हा उभे राहता येते, मिनिटांचा हिशेब नाही, आणि कुणाला झेपत नसेल तर खेळाची गती कमी करून घेण्याची सोयही आहे. शिक्षा काढून टाकूनही अवघडपण शिल्लक राहते, हे त्याने सिद्ध केले. ते खेळल्यावर काही काळ आम्हांला राजपुत्राचे घड्याळ हा निव्वळ जुन्या काळाचा कद्रूपणा वाटू लागला.

तरीही, साठ मिनिटांमुळे एक गोष्ट घडते जी 'सेलेस्ट'मध्ये घडत नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्याला बारा टप्पे एका तासात पार करणे जवळजवळ अशक्यच आहे. म्हणजे पहिले वाचन पूर्ण होऊ नये अशीच या संहितेची रचना आहे. ती फक्त पुनर्वाचकासाठी लिहिली आहे. आपण पुन्हा पहिल्या टप्प्यावर येतो आणि ज्या तळघरात सुरुवातीला तासभर चाचपडलो होतो ते आता दोन-तीन मिनिटांत पार होते. कुठली फरशी हलते, कुठल्या दारासाठी कुठल्या दगडावर पाय द्यायचा, हे बोटे सांगतात. लहानपणी एकोणतिसाचा पाढा जसा एके दिवशी अडखळणे सोडून स्वतःच चालू लागला होता, तसे. ज्याला पाढा येतो तो आकडे आठवत नाही. घड्याळाने हे पाठांतर सक्तीचे केले आहे. सक्ती आम्हांला आवडत नाही, पण तिच्याविना आम्ही पहिल्या टप्प्याकडे परत गेलो असतो असे म्हणण्याचे धाडस होत नाही. आणि पाठांतर झाले नसते तर शेवटी जे घडते त्याला अर्थच उरला नसता.

ते असे. चौथ्या टप्प्याच्या अखेरीस बाहेर पडण्याची वाट एक आरसा अडवतो. त्याच्यावर धावत जाऊन उडी घ्यावी लागते. राजपुत्र आरशातून पलीकडे जातो आणि त्याच क्षणी आरशातून त्याची छाया उलट दिशेने बाहेर पडते. राजपुत्राच्या सगळ्या प्राणांपैकी एकच उरतो. पाचव्या टप्प्यात आपल्याला हवी असलेली औषधाची मोठी कुपी ती छाया आपल्या डोळ्यांदेखत पिऊन टाकते. सहाव्यात आपण दाराकडे झेपावतो तेव्हा ती पलीकडून शांतपणे दगडावर पाय देते, दार बंद होते आणि आपण खाली कोसळतो. इतका द्वेष आम्ही कथात्म साहित्यातल्या फार थोड्या खलनायकांचा केला असेल.

या छायेचा जन्म तत्त्वज्ञानातून झालेला नाही, हे आम्हांला विशेष आवडते. खेळात लढाई हवी असा टोमी पिअर्स या सहकारी मैत्रिणीने मेकनरकडे लकडा लावला होता, पण ॲपल टूच्या तुटपुंज्या स्मृतीत दुसऱ्या पात्राची चित्रे ठेवायला जागा उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून स्वतःवरच छेद देत उमटवली, आणि एक झगमगती आकृती तयार झाली. पहारेकऱ्यांसाठी जागा पुढे कशीबशी काढली गेली. म्हणजे नायकाचा वैरी नायकाच्याच शरीरातून निघाला तो अडचणीपोटी. छंदाच्या अडचणीपोटी कवीला न शोधलेला शब्द सापडतो, त्याच जातीचा हा प्रकार. योगायोग असा की 'सेलेस्ट'मध्येही नायिकेची प्रतिमा आरशातूनच बाहेर पडते. पण तिथे तिच्याशी समेट कसा होतो ते संवादांतून सविस्तर सांगितले जाते. इथे कुणी एक शब्द बोलत नाही.

बाराव्या टप्प्यात मनोऱ्याच्या माथ्यावर ती पुन्हा भेटते. तलवार उपसते. आपणही उपसतो, नव्हे, ती आपोआप उपसली जाते. अकरा टप्पे बोटांनी एकच धडा गिरवलेला असतो: वार अडव, वार कर. आम्ही वार केला. छायेला लागला, आणि आमचा एक प्राण गेला. पुन्हा केला, आणखी एक गेला. मेलो. पुन्हा मनोरा चढलो, त्यात मिनिटे गेली. या वेळी वार अधिक चपळाईने केले आणि अधिक चपळाईने मेलो. जितके कसब जास्त तितके मरण लवकर. तिसऱ्या खेपेस समोरासमोर उभे असताना, काय करावे ते न सुचून, कदाचित बोटे दमली म्हणूनही, आम्ही खालच्या बाणाची कळ दाबली. राजपुत्राने तलवार म्यान केली. समोर छायेनेही केली.

आम्ही तिच्या दिशेने चालत गेलो. ती आमच्या दिशेने आली. एक लखलखाट झाला आणि पडद्यावर राजपुत्र एकटाच उभा होता.

'मेगाहिट'च्या दुपारी आम्ही हा टप्पा एका कळीसरशी ओलांडला होता. आरसाच पाहिलेला नव्हता, मग छायेचे काय. आणि समजा कुणी तेव्हा सांगितले असते की 'शेवटी नायक स्वतःशीच लढणे थांबवतो', तर आम्ही ते वहीत उतरवून घेतले असते. वाक्य बरोबर आहे, पण ते बोटांना ठाऊक नसते. त्यांना आधी शेकडो वार करून तयार व्हावे लागते, म्हणजे मग एक वार न करण्याला वजन येते. नारळाची उपमा आम्ही तेव्हापासून वर्गात वापरलेली नाही. तिच्या जागी दुसरी सापडलेली नाही. आता आम्ही कविता आधी वाचतो, पुन्हा वाचतो, आणि आशय विचारला तर थोडा वेळ टाळाटाळ करतो. निकाल फार चांगले लागतात असे नाही.

छाया मावळल्यावर डावीकडे एक खाई लागते. पलीकडचा काठ कोणत्याही उडीच्या आवाक्याबाहेर आहे. इतक्या मरणांनंतर खाईकडे धावत जाण्याची बोटांची तयारी होत नाही. आम्ही काठावर बराच वेळ उभे राहिलो, घड्याळ चालू असताना. मग धावलो. पायांखाली, जिथे काही नव्हते तिथे, एकेक फरशी उमटत गेली.

चार मिनिटे उरली होती आणि जाफर अजून पुढे होता. त्या दिवशी आमच्याने तो हरला नाही.